अबकारीचे 40,000 कोटी आणि एका आईचा प्रश्न

कर्नाटकातील बेळगाव जिल्ह्याच्या खानापूर तालुक्यातील एका मराठी हायस्कुलात मी 26 वर्षे विज्ञान शिकवले. निवृत्तीनंतर एका गावच्या यात्रेत जुन्या विद्यार्थ्याची आई भेटली. मुलगा आठवीत असताना वरातीत प्रथम प्यायला, पुढे यात्रेत आणि मग दर आठवड्याला पिऊ लागला. आता तो 22 वर्षांचा आहे, चार महिने त्याने दारूला स्पर्श केलेला नाही, पण सांगितलेले काम तो अर्ध्यावर विसरतो. तिने विचारले, "सर, आता सोडलीय म्हटल्यावर डोकं पहिल्यासारखं होतंय काय?" मी धीराचे दोन शब्द बोललो, उत्तर मात्र दिले नाही.

त्या प्रश्नातला 'पहिल्यासारखं' हा शब्दच सगळ्यात अवघड आहे. पौगंडावस्थेत मेंदूतील करड्या द्रव्याची, म्हणजे चेतापेशींच्या थराची, जाडी निसर्गतःच कमी होत जाते, आवेग आवरणारा कपाळामागचा भाग तर पंचविशीच्या आसपास परिपक्व होतो. त्यामुळे पिणाऱ्या मुलाच्या मेंदूत दिसलेला फरक दारूचा, वयाचा की मुळातच उतावळ्या स्वभावाचा, हे एकदाच मेंदूचे एमआरआय चित्र काढून कळत नाही. पहिला घोट घेण्याआधीचे चित्र हाताशी हवे, आणि त्यानंतर तेच मूल वर्षानुवर्षे पुनःपुन्हा तपासायला हवे.

अमेरिकेत 2012 पासून हेच चालले आहे. 12 ते 21 वयाची 831 मुले-मुली निवडली गेली. त्यांतील बहुतेकांनी तोवर दारू घेतलेली नव्हती किंवा अगदी थोडी घेतली होती. पुढे ज्यांनी जास्त प्यायला सुरुवात केली, त्यांच्या मेंदूतील करडे द्रव्य इतरांपेक्षा वेगाने घटताना आढळले. त्याआधी 2010 मध्ये सुरू झालेल्या दुसऱ्या प्रकल्पात किशोरवयीन उंदरांना मधूनमधून दारू देऊन, ती बंद केल्यावर प्रौढपणी त्यांचे मेंदू तपासले गेले. स्मृतीशी संबंधित भागात नव्या पेशी कमी तयार होत होत्या, दाहाच्या खुणा टिकून होत्या. मात्र व्यायामाने आणि काही औषधांनी यातील काही बदल उलटवताही आले. त्या आईला सांगण्यासारखी हीच एक गोष्ट आहे, तीही उंदरांची. आणखी एक निरीक्षण आपल्याकडच्या फुशारकीला चपखल बसते: कोवळ्या वयात दारूची गुंगी कमी जाणवते. 'आमच्या पोराला चढतच नाही' हे कौतुक म्हणजे तो जास्त पिणार याची पूर्वसूचना असते.

अशा अभ्यासाची खरी अडचण पैशाची आहे. अनुदान साधारण पाच वर्षांचे मिळते, आणि बाराव्या वर्षी निवडलेले मूल पंचविशीत पोहोचायला तेरा वर्षे लागतात. मद्यउद्योगाकडून पैसा घ्यावा, तर 2018 मध्ये अमेरिकेत सुमारे 10 कोटी डॉलरचा एक मोठा अभ्यास याच कारणाने मध्येच बंद करावा लागला. प्रौढांच्या माफक मद्यपानाच्या त्या अभ्यासासाठी सरकारी अधिकाऱ्यांनीच कंपन्यांकडे पैसा मागितला होता. म्हणून हा खर्च सरकारनेच उचलावा, या मताचा मी आहे.

आपल्या कर्नाटकाला असा अभ्यास नवीन नाही. बेंगळुरूच्या निम्हान्स या मानसिक आरोग्य संस्थेच्या पुढाकाराने, भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद आणि ब्रिटनच्या निधीतून, 6 ते 23 वयोगटातील हजारो मुलांचा अभ्यास सुरू झाला; त्यात म्हैसूरची मुलेही आहेत, कारण तिथे त्यांच्या जन्माच्या वेळच्या नोंदी आधीपासून होत्या. अशा नोंदी बेळगावातही आहेत. जवाहरलाल नेहरू मेडिकल कॉलेजचे संशोधक अमेरिकी निधीतून जिल्ह्यातील ठरावीक गावांमधल्या गरोदर स्त्रियांची आणि नवजात बाळांची नोंद दीड दशकाहून अधिक काळ ठेवत आहेत. घरोघरी जाणारी माणसे तयार आहेत, गावांना विचारपूस सवयीची झाली आहे, शहरात एमआरआय यंत्रे आहेत.

शिवाय आपला प्रदेश या प्रश्नासाठी जणू मुद्दाम मांडून ठेवलेला आहे. जांबोटी-कणकुंबीवरून चोर्ला घाट उतरला की गोवा, तिथे 18 व्या वर्षी दारू मिळते. कर्नाटकाच्या नियमांत वय 21 आहे. ते 18 वर आणणारा मसुदा 2023 मध्ये विरोधानंतर मागे घेतला गेला. बाची ओलांडून शिनोळीत गेलो की महाराष्ट्र, तिथे बिअरला 21 आणि कडक दारूला 25. एकाच बोलीची, एकाच सोयरिकीतली मुले तीन कायद्यांखाली वाढतात. स्वस्त दारूचा गोवा मात्र तिघांनाही जवळ आहे.

2025-26 च्या अर्थसंकल्पात कर्नाटकाने अबकारी, म्हणजे दारूवरील करांच्या, महसुलाचे लक्ष्य 40,000 कोटी रुपये ठेवले होते. त्यातील हजारातला एक रुपया बाजूला काढला, तर वर्षाला 40 कोटी होतात, आणि तो निधी पाच नव्हे, पंधरा वर्षांसाठी कायद्याने बांधून ठेवता येईल. निवडून येणाऱ्या सरकारांकडून एवढ्या धीराची अपेक्षा करणे भाबडेपणाचे आहे, हे मी जाणतो. पण बेळगावच्या त्या नोंदवहीतली सुरुवातीची मुले आता दहावी ओलांडत आहेत, आणि त्यांच्या मेंदूचे 'पहिले' चित्र काढण्याची वेळ निघून चालली आहे.