चावी काढली तरी चालूच

सिरीज थ्री लँड रोव्हरमध्ये 200 टीडीआय हे डिझेल इंजिन बसवणं आता नवलाईचं राहिलेलं नाही. 1971 ते 1985 या काळात निघालेल्या या गाडीतलं मूळ पेट्रोल इंजिन 2286 सीसीचं. 200 टीडीआय हे त्याच घराण्यातलं 2495 सीसीचं टर्बो डिझेल, 1989 मध्ये लँड रोव्हरच्याच डिस्कव्हरी गाडीबरोबर आलं. ब्लॉकची ठेवण आणि फाउंडेशनच्या जागा बऱ्याच अंशी जुळत असल्यामुळे चासीवर फारशी कापाकापी लागत नाही. डिस्कव्हरीच्या इंजिनाचा टर्बो खाली असतो, त्यामुळे सायलेन्सरचा पुढचा पाइप तेवढा नवा वळवून घ्यावा लागतो. या 88 इंची व्हीलबेसच्या गाडीचं इतकं काम उरकलेलं होतं. त्या दिवशी डिझेल लाइन जोडायची, वायरिंग पुरं करायचं आणि इंजिन सुरू करायचं, एवढंच बाकी होतं. सुरू व्हायला त्याने अजिबात त्रास दिला नाही. बंद व्हायला दिला.

गिअरबॉक्स इंजिनाला जोडण्याआधी इनपुट शाफ्टचं टोक आणि त्याला आधार देणारा क्रँकमधला बुश मोजून घेतला होता. हे माप कुणी घेत नाही आणि मग पस्तावतो. बुश ढिला असेल तर शाफ्ट डगमगतो. घट्ट असेल तर क्लच दाबूनही शाफ्ट फिरत राहतो, गिअर करकरतो, आणि दोष उगाच क्लचप्लेटवर जातो. डिझेल पंपाचं टायमिंगही रेडिएटर बसवण्याआधीच तपासायचं, कारण नंतर तिथे हात जात नाही. फ्लायव्हीलच्या खाचेत पिन, पंपाच्या पुलीत साडेनऊ मिलिमीटरची पिन, आणि दोन्ही एकाच वेळी सहज बसल्या पाहिजेत. टॅपेटची (व्हॉल्व्हची) फट थंड इंजिनावर 0.20 मिलिमीटर.

डिझेल लाइनला मात्र निवांत वेळ द्यावा. पेट्रोल टाकीतून एकच पाइप निघतो. डिझेलला पंप आणि नोझलकडून उरलेलं डिझेल परत आणणारा ओव्हरफ्लोचा दुसरा पाइप लागतो. सोपं म्हणून काही जण तो टी लावून सक्शनच्या पाइपलाच जोडतात. आयडलिंगवर काही कळत नाही. चढावर लोड आला की गरम डिझेल आणि त्यातले बुडबुडे पुन्हा पंपात शिरतात आणि गाडी मिसिंग करायला लागते. ओव्हरफ्लो टाकीतच सोडायचा, तोही सक्शनच्या तोंडापासून लांब. त्यासाठी टाकीला वेल्डिंग करायचं नाही. रिकाम्या पेट्रोल टाकीतली वाफ भरलेल्या टाकीपेक्षा घातक असते. गेजच्या सेंडरची प्लेट काढून बाकावर घेतली, तिला आठ मिलिमीटरचा निपल ब्रेझिंगने लावला आणि परत बसवली. टाकी आधी डिझेलनेच खळखळून धुतलेली होती, कारण नोझलला डिझेल पुरवणाऱ्या बॉशच्या व्हीई पंपाला वंगण मिळतं ते डिझेलमधूनच. पेट्रोल मिसळलेलं डिझेल त्याला आतून खातं.

पहिला सेल्फ स्टॉप सोलेनॉइडची, म्हणजे करंट असेपर्यंतच पंपात डिझेल सोडणाऱ्या विजेच्या व्हॉल्व्हची, वायर काढून मारला. डिझेल बंद असताना इंजिन नुसतं फिरवलं की ऑइलचा दिवा विझेपर्यंत टर्बोच्या बुशांना ऑइल पोचतं. मग वायर लावून एअर काढली. फीड पंपाचा हातदांडा पोकळ लागत असेल तर पंप खराब समजू नये. कॅमने आतला लिव्हर दाबून धरलेला असतो. क्रँक एक फेरा फिरवला की दांड्याला दम येतो. फिल्टरच्या स्क्रूमधून बुडबुडे थांबले, दोन नोझलचे नट ढिले केले, दहा-दहा सेकंद सेल्फ, मध्ये बॅटरीला विश्रांती. नटांतून डिझेल उडायला लागल्यावर ते आवळले, हीटर (ग्लो प्लग) दिला आणि इंजिन लागलं.

दहा मिनिटं गरम होऊ दिलं. गळती नव्हती, आवाज साफ होता. चावी फिरवली, काढली, आणि इंजिन आपल्या तालात चालूच.

"चावी कुठंय?" मी नेहमीच्या सवयीने विचारलं. हाताखालच्या पोराने हात वर करून दाखवली.

अशा वेळी बॅटरीचं टर्मिनल ओढायला धावणारे लोक पाहिलेत. इंजिन त्याने बंद होत नाही, उलट चालू अल्टरनेटरला बॅटरीचा आधार सुटला की व्होल्टेज उसळतं आणि रेग्युलेटर जातो. पंपावरच्या सोलेनॉइडची वायर ओढली, इंजिन जागच्या जागी थांबलं. म्हणजे सोलेनॉइड अडकलेला नव्हता. त्याला चावी काढल्यावरही करंट मिळत होता.

ही वायर रिलेतून, म्हणजे छोट्या करंटवर ओढला जाणाऱ्या स्विचमधून, येत होती, आणि रिलेला इशारा द्यायला पूर्वी इग्निशन कॉइलला जाणारी पांढरी वायर वापरली होती. पुन्हा इंजिन लावलं, चावी काढली आणि मल्टिमीटर लावला. रिलेच्या कॉइलवर सहा व्होल्टच्या आसपास. बारा व्होल्टचा रिले ओढून घ्यायला एवढे व्होल्ट कमी पडतात, पण एकदा ओढलेला रिले धरून ठेवायला पुरतात. मग अल्टरनेटरची तपकिरी-पिवळी बारीक वायर काढली. रिले टक् करून सुटला, इंजिन बंद.

रस्ता उघडा पडला. चार्जिंगचा दिवा एका बाजूला इग्निशनला आणि दुसऱ्या बाजूला अल्टरनेटरला जोडलेला असतो. अल्टरनेटर चार्ज करायला लागला की त्या बारीक वायरवर चौदाच्या घरात व्होल्ट येतात. चावी बंद केली की तेच व्होल्ट दिव्यातून उलटे इग्निशनच्या वायरवर उतरतात. पेट्रोल इंजिनावर हे कधी जाणवत नाही, कारण कॉइल तीन-चार अँपिअर खाणारी. दिव्यातून झिरपणारा पाव अँपिअरसुद्धा नसलेला करंट ती गिळून टाकते. कॉइल गेली, तिच्या जागी शंभर ओहमच्या आतबाहेरचा रिले आला आणि त्याला तेवढ्यावर भागवता आलं.

उपाय म्हणून एक 1एन4007 डायोड घेतला. तो इग्निशन आणि दिवा यांच्या मध्ये, पट्टीची बाजू दिव्याकडे ठेवून सोल्डर केला आणि वर नळी चढवली. करंट दिव्याकडे जातो, परत येत नाही. दिवा 2.2 वॅटचा साधाच ठेवायचा. तिथे एलईडी लावला तर अल्टरनेटरला सुरुवातीचा धक्का पुरत नाही, आणि रेस दिल्याशिवाय चार्जिंग सुरू होत नाही. खरं तर या सोलेनॉइडला रिलेची गरजच नव्हती. इग्निशनची वायर थेट त्याला दिली असती तरी भागलं असतं. पण मालकाला रिले हवा होता, म्हणून डायोडसह ठेवला.

ब्रेकचं काम सोपं. पेट्रोलमध्ये सर्वोला, म्हणजे ब्रेकला जोर देणाऱ्या डब्याला, मॅनिफोल्डमधून व्हॅक्युम मिळतो. डिझेलला थ्रॉटल नाही, म्हणून तो मिळत नाही. 200 टीडीआयला स्वतःचा व्हॅक्युम पंप असतो. त्यापासून सर्वोपर्यंत जाड भिंतीचा होस आणि एकतर्फी व्हॉल्व्ह, बस. साधा पाण्याचा होस लावू नये, तो गरम झाल्यावर चपटा होतो.

टर्बोकडून येणारी गरम हवा थंड करणारा इंटरकूलर या गाडीत बसवला. सिरीजच्या अरुंद तोंडात तो नको म्हणून बरेच जण गाळतात. गाळला तर पंपाचं डिझेलही कमी करावं लागतं, नाहीतर एक्झॉस्टचं तापमान चढतं.

खरी चिंता मागच्या भागाची असते. या इंजिनाचा टॉर्क 1800 आरपीएमला सुमारे 264 न्यूटन-मीटर, जुन्या पेट्रोलचा 165 च्या आसपास. सिरीजचा गिअरबॉक्स आणि दहा स्प्लाइनचे (खाचांचे) चाकं फिरवणारे हाफशाफ्ट जुन्या आकड्यासाठी केलेले आहेत. पहिल्या गिअरमध्ये, लो रेंजमध्ये, चाक दगडात अडकलेलं असताना क्लच झटकन सोडला की शाफ्ट गेलाच. 4.7 गुणोत्तराच्या डिफरन्शियलच्या जागी जुन्या रेंज रोव्हरचे 3.54 चे बसवले की रस्त्यावर इंजिन ओरडत नाही, पण लो रेंजही तेवढीच उंच होते आणि उतारावर इंजिन ब्रेक कमी पडतो. मला दगडधोंड्यांच्या गाडीत 4.7 च आवडतं. इथे मालकाचा बहुतेक प्रवास डांबरी रस्त्याचा, म्हणून 3.54 घातले. त्याने स्पीडोमीटर मात्र खोटं बोलतो. काटा 60 वर असताना गाडी 80 ला असते. तसा कागद डॅशबोर्डवर चिकटवून चावी मालकाच्या हातात दिली.