एकाच खोक्यातल्या बाटल्या

बोजोले या वाईनबद्दल फ्रान्समधल्या लियों शहरात कोणालाही मत विचारले, तर उत्तर ठाम येते आणि शेजारी बसलेला माणूस ते लगेच खोडून काढतो. एकाला ती पाणचट वाटते. दुसऱ्याला दुपारच्या जेवणाबरोबर दुसरी कोणतीही रेड वाईन जड होते. तिसरा, बहुधा साठी ओलांडलेला, पूर्वीची बोजोले आता राहिली नाही असे सांगून दोघांनाही गप्प करतो. नोकरीमुळे मी या शहरात राहायला आले तेव्हा हा सगळा आवडीनिवडीचा प्रश्न आहे असे समजून मी अशा वादांकडे दुर्लक्ष करत असे. आता मात्र माझे मत असे आहे की, यातले निम्मे वाद आवडीचे नसून बाटलीचे असतात. नाव एकच, वर्ष एकच, कधीकधी खोकेही एकच, आणि तरी दोन माणसांनी प्यायलेली वाईन एक नसते. हलक्या वाईनच्या बाबतीत हे जितके उघडे पडते, तितके दाट आणि तुरट वाईनच्या बाबतीत पडत नाही.

बोजोले हा लियोंच्या उत्तरेचा डोंगराळ पट्टा. येथे रेड वाईनसाठी जवळजवळ सगळीकडे गामे हे एकच वाण लावले जाते. पिनो न्वार आणि गुए ब्लाँ यांच्या नैसर्गिक संकरातून ते जन्माला आले, हे जनुकीय तपासणीतून सिद्ध झाले आहे. म्हणजे घराणे तसे मोठे, पांढऱ्या वाईनसाठी प्रसिद्ध असलेले शार्दोने हे त्याचे सख्खे भावंड. तरीही उत्तरेला लागून असलेल्या बर्गंडीचा ड्यूक फिलिप याने १३९५ मध्ये फर्मान काढून, हे वाण दुष्ट आणि दगाबाज आहे असे ठरवून आपल्या मुलखातून उपटून टाकायला लावले. कारण सरळ होते: गामेला भरपूर फळ येते, आणि भरपूर फळातून पातळ वाईन निघते. दक्षिणेकडच्या ग्रॅनाइटच्या उतारांवर मात्र तेच वाण रमले. मॉर्गों, फ्लरी, मुलँ-आ-व्हाँ, ब्रुयी अशी दहा गावे वा टेकड्या आज स्वतःच्या नावाने वाईन विकतात, आणि त्यांच्या लेबलावर बोजोले हा शब्द बऱ्याचदा दिसतही नाही. आपल्याला बोजोले आवडत नाही असे म्हणणारा माणूस फ्लरी मिटक्या मारत पितो, तेव्हा त्याला हे सांगावे की सांगू नये, असा प्रश्न मला अनेकदा पडतो.

या वाईनचा हलकेपणा थोडा वाणातून येतो आणि थोडा करण्याच्या पद्धतीतून. द्राक्षे न चिरडता अख्खे घड हौदात भरतात. तळाची द्राक्षे वरच्या वजनाने फुटतात, त्यांचा रस आंबू लागतो, त्यातून निघालेला कार्बन डायऑक्साइड हौदात भरून राहतो, आणि वरच्या अखंड द्राक्षांमध्ये प्राणवायूवाचून, सालीच्या आतल्या आतच साखरेचे मद्यार्कात रूपांतर सुरू होते. सालीतून तुरटपणा कमी उतरतो, फळाचा वास मात्र भरपूर येतो. हीच पद्धत घाईने, निवडक यीस्ट घालून वापरली की पिकलेल्या केळ्याचा आणि गोळ्या-चॉकलेटांचा वास येतो. नोव्हेंबरच्या तिसऱ्या गुरुवारी जगभर एकाच दिवशी बाटल्या फोडल्या जातात, ती त्याच वर्षीची कोवळी बोजोले नूव्हो बहुतेकांना आठवते ती याच वासामुळे. आमच्या कार्यालयातही त्या दिवशी कागदी पेल्यांतून ती वाटली जाते. तिच्याबद्दल वाईट बोलण्यासारखे फारसे काही नाही आणि चांगले बोलण्यासारखे त्याहून कमी आहे. तिने बाकीच्या बोजोलेचे नाव मात्र खराब केले. २००१ च्या हंगामानंतर न खपलेली लाखो बाटल्यांची वाईन ऊर्ध्वपातनासाठी पाठवावी लागली, तेव्हा एका वाईनतज्ज्ञाने लियोंच्या एका मासिकात बोजोलेला उद्देशून विष्ठेचा उल्लेख असलेला शब्द वापरला. बागाईतदार कोर्टात गेले, खालच्या न्यायालयाने मासिकाला अडीच लाख युरोंहून अधिक भरपाई द्यायला लावली, आणि पुढे फ्रान्सच्या सर्वोच्च न्यायालयात तो निकाल रद्द झाला. चव वाईट असल्याचे मत छापणे हा गुन्हा ठरू शकतो का, यावर एवढी कोर्टबाजी झालेली दुसरी वाईन माझ्या ऐकिवात नाही.

माझी तक्रार नूव्होबद्दल नाही. ती अपेक्षा ठेवून, चांगले पैसे मोजून घेतलेल्या मॉर्गोंबद्दल आहे. दुकानदाराने फार कौतुक केलेल्या एका छोट्या उत्पादकाचे खोके मी गेल्या हिवाळ्यात घेतले. वाईन टिकावी म्हणून घालतात त्या गंधकाचा अंशही न घालता भरलेली, न गाळलेली, किंचित गढूळ. पहिली बाटली उघडली तेव्हा टेबलावर कोणी बोलेना, इतकी ती चांगली होती: आंबटगोड चेरी, थोडी मिरी, आणि गिळल्यानंतर जिभेवर रेंगाळणारा एक थंडसा खनिज स्पर्श. म्हणून पुढची बाटली मी मुद्दाम पाहुण्यांसाठी राखून ठेवली.

पाहुणे म्हणजे तासगावचे माझे मामा. आयुष्य द्राक्षबागेत गेलेले, बेदाण्याच्या भावावर तासभर बोलू शकणारे, पण वाईनशी संबंध फारसा नसलेले. दिवसा आम्ही त्यांना मॉर्गोंच्या बागा दाखवून आणल्या होत्या. तिथल्या जुन्या वेलींना ना मांडव, ना तारा. गुडघ्याएवढ्या उंचीची खोडे जमिनीतून वर आलेली पाहून मामा बराच वेळ एका वेलीपाशी उकिडवे बसून राहिले आणि छाटणी कुठल्या डोळ्यावर घेतात हे माझ्याकडून फ्रेंचमध्ये विचारून घेतले. संध्याकाळी जेवायला माझी एक सहकारीही होती, लियोंमध्येच जन्मलेली. बाटली उघडली. वास उत्तम. पहिला घोट तोंडात असेपर्यंत सगळे ठीक होते. गिळल्यानंतर काही क्षणांनी मात्र घशाच्या मागून काहीतरी वर आले, आणि माझ्या नवऱ्याने पेला खाली ठेवून उंदराच्या लेंड्या असे स्पष्टच म्हटले. सहकारी चकित झाली. तिच्या मते ही बाटली आधीच्या बाटलीहूनही सुरेख होती आणि आम्ही उगाच खुसपट काढत होतो. मामांनी दुसरा घोट घेतला, थांबले, आणि म्हणाले, “अगं, उंदीरबिंदीर काही नाही. आंबेमोहोर शिजत असल्यासारखा वास येतोय, पण नाकातून नाही, घशातून.”

मामांचे म्हणणे कोणाला विनोद वाटेल, पण ते अक्षरशः बरोबर होते. या दोषाला फ्रेंच लोक उंदराची चव म्हणतात. तो उत्पन्न करणारी जी मोजकी संयुगे आहेत, त्यांपैकी एक म्हणजे टू-असिटाइल-वन-पायरोलीन, आणि बासमतीला व आंबेमोहोराला सुगंध देणारे मुख्य संयुग तेच आहे. भाताच्या पातेल्यावरून दरवळले तर घर प्रसन्न होते. रेड वाईनच्या शेवटी आले तर घोट नकोसा होतो. लॅक्टिक जीवाणू आणि ब्रेटानोमायसिस नावाचे यीस्ट यांच्याकडून ते तयार होते, आणि गंधक अजिबात नसलेल्या, आम्लता कमी असलेल्या वाईनमध्ये त्यांना मोकळे रान मिळते.

आमच्या टेबलावरच्या मतभेदाचा उलगडा याच रसायनात आहे. वाईनच्या आम्लतेत ही संयुगे उडून नाकापर्यंत येत नाहीत, म्हणून पेला कितीही हुंगला तरी दोष कळत नाही. घोट लाळेत मिसळला, आम्लता उतरली, की ती मोकळी होतात आणि घशामार्गे नाकात चढतात. लाळेची आम्लता माणसागणिक वेगळी असते, या संयुगांबाबतची संवेदनशीलताही वेगळी असते, आणि काही जणांना तर हा दोष अजिबात जाणवत नाही. म्हणजे माझी सहकारी सौजन्याने खोटे बोलत नव्हती आणि माझा नवराही नखरे करत नव्हता. शंका असल्यास वाईनचे दोन थेंब मनगटावर चोळून, ते वाळत आल्यावर हुंगावेत. त्वचेच्या संपर्काने तोच परिणाम होतो. मामांनी लगेच तसे करून पाहिले आणि मनगट माझ्या सहकाऱ्यापुढे धरले. तिने हुंगले आणि तिला साबणाचा वास आला.

उत्पादकाची बाजू मला ठाऊक नाही असे नाही. बोजोलेतल्या या नैसर्गिक परंपरेला मोठा इतिहास आहे. ज्यूल शोव्हे हे वाईनचे व्यापारी आणि रसायनशास्त्राचे अभ्यासक. रासायनिक खते, जादा साखर आणि गंधक यांचा मारा न करता गामे किती सुंदर होऊ शकते, हे त्यांनी दाखवून दिले. १९८० च्या दशकात मार्सेल लापिएर आणि मॉर्गोंमधल्या त्यांच्या काही मित्रांनी तो मार्ग धरला, आणि आज बोजोलेला जो मान परत मिळाला आहे त्याचे बरेचसे श्रेय त्यांना द्यावे लागते. पण शोव्हे प्रयोगशाळेतला माणूस होता. सूक्ष्मदर्शकाखाली यीस्ट पाहणारा, स्वच्छतेबाबत काटेकोर. गंधक न घालणे ही त्यांच्या दृष्टीने जबाबदारी वाढवणारी गोष्ट होती. बाटली बिघडली की वाईन जिवंत आहे, तिचे तिचे दिवस असतात, असे सांगून मोकळे होणाऱ्यांनी त्यांचे नाव घेऊ नये असे मला वाटते. जिवंत असणे हे वाईनचे वैशिष्ट्य असेल. ते ग्राहकाला द्यायचे उत्तर नव्हे.

शिवाय अशी वाईन चौदा अंशांच्या वर ठेवू नये असे उत्पादकच सांगतात, आणि मळ्यापासून दुकानापर्यंतच्या वाटेवर एखाद्या जुलैच्या दुपारी ती ट्रकमध्ये किती तापली हे लेबलावर लिहिलेले नसते. पुण्याला सामानातून नेलेल्या अशाच एका बाटलीत पुन्हा आंबण सुरू होऊन बूच उचलले गेले होते. बुचाचा दोष हा आणखी वेगळा. टीसीए नावाच्या संयुगाने वाईनला ओल्या पुठ्ठ्याचा वास येतो. पण त्याचे प्रमाण अगदी कमी असेल तर वास येतच नाही, नुसते फळ मरून जाते. दाट वाईनमध्ये तरीही काहीतरी शिल्लक राहते. गामेजवळ फळाखेरीज फारसे भांडवल नसते, ते गेले की उरते आंबट पाणी. बोजोले पाणचट असते असे मत बनवणाऱ्या कितीतरी लोकांनी अशी एखादी मुकी झालेली बाटली प्यायली असेल आणि त्यांना ते कधी कळलेही नसेल.

दुसऱ्या एका निराशेला मात्र कोणाचा दोष म्हणता येत नाही. २०१५, २०१८ यांसारख्या कडक उन्हाळ्याच्या वर्षांत द्राक्षात साखर इतकी भरली की मॉर्गोंच्या बाटल्यांवर चौदा टक्क्यांच्या वरचे आकडे दिसू लागले. समीक्षकांनी त्या वर्षांची तोंड भरून स्तुती केली. मला त्या वाईन जाड, गरम आणि जॅमसारख्या वाटल्या. ज्या हलकेपणासाठी मी या गावाकडे वळते तोच त्यांत नव्हता. उलट २०२१ चे वर्ष: वसंतात थंडीने कोंब जळाले, उन्हाळा पावसात गेला, उत्पादन घटले, आणि जी थोडी वाईन झाली ती साडेबारा टक्क्यांच्या आसपास, आंबटसर, सडसडीत. अनेकांनी ती कच्ची म्हणून बाजूला सारली. मी ती तळघरातल्या थंडाव्यातून थेट टेबलावर आणते आणि कोंबडीच्या साध्या रश्शाबरोबर पिते. येथे मतभेद खरोखर आवडीचा आहे, आणि तो कितीही चालला तरी माझी हरकत नाही.

त्या खोक्याचे पुढे काय झाले तेही सांगते. मी बूच लावलेली अर्धी बाटली घेऊन दुकानात गेले. हाच दुकानदार बुचाच्या दोषाची बाटली हुंगताक्षणी बदलून देतो. या वेळी त्याने दोन घोट घेतले, छताकडे पाहिले, आणि आपल्याला काहीच जाणवत नाही असे सांगितले. तो खरे बोलत होता याबद्दल मला शंका नाही. काही महिने थांबून बघा, असे दोष कधीकधी आपोआप जातात, असेही तो म्हणाला, आणि तेही खोटे नाही. पण तेवढा धीर आमच्या घरात कोणाला नव्हता. उरलेल्या बाटल्या माझी सहकारी घेऊन गेली. मी निम्म्या किमतीत देत होते. तिने हट्टाने पूर्ण पैसे दिले, आणि वर दर शुक्रवारी त्या किती छान निघाल्या हे मला न चुकता सांगते.