सान्चिन: खांदे खाली, श्वास पोटात

जपानमधल्या ओकिनावा बेटावरील नाहा शहराच्या चोजुन मियागी (१८८८–१९५३) यांनी घडवलेल्या गोजू-र्यू या कराटे शैलीचा पाया म्हणजे सान्चिन काता (काता म्हणजे ठरलेल्या हालचालींचा क्रम).

पायांत खांद्यांएवढं अंतर. पुढची टाच मागच्या अंगठ्याच्या रेषेत, पुढची बोटं किंचित आत. गुडघे जरा वाकवलेले, कंबर खालून पुढे ओढलेली. पाऊल जमिनीलगत अर्धचंद्रात न्यायचं. उचललंत की तोल गेलाच. कोपर बरगडीपासून मूठभर दूर.

श्वास नाकाने पोटात, तोंडाने बाहेर. खरा घोळ इथेच! घशातून घरघर काढली की जोर आल्यासारखा वाटतो; प्रत्यक्षात गळा आवळतो, खांदे चढतात, तोंड लालबुंद होतं, रक्तदाब वाढतो. शिक्षक खांद्यांवर थापा मारून तपासतात, त्याला शिमे म्हणतात. खांदा वर उसळला, तर काखेखालचा स्नायू ढिला आहे.