बीव्हरचा प्रॉपेलर अडला ती सकाळ

इंजिन सुरू करण्याआधी प्रॉपेलर हाताने फिरवून पाहतात. तो मध्येच अडला, तर जोर लावून पुढे न्यायचा नाही आणि उलटाही फिरवायचा नाही. रेडियल, म्हणजे वर्तुळात सिलिंडर बसवलेल्या, इंजिनावर काम करणाऱ्याच्या डोक्यात हे अगदी सुरुवातीलाच पक्कं बसवतात. ब्रिटिश कोलंबियाच्या किनाऱ्यावर, आमच्या फ्लोटप्लेनच्या, म्हणजे चाकांऐवजी तरंगणाऱ्या फ्लोटवर पाण्यात उतरणाऱ्या विमानांच्या, धक्क्यावर, त्या सकाळी हे दोन्ही नियम आम्ही पाळले. तरीही इंजिन वाचलं नाही, कारण प्रॉपेलरला हात लागण्याआधीच स्टार्टर दाबला गेला होता.

विमान होतं डी हॅविलँड कॅनडाचं डीएचसी-२ बीव्हर. टोरांटोच्या डाउन्सव्ह्यू विमानतळावरून १६ ऑगस्ट १९४७ रोजी रस बॅनॉक यांनी त्याचं पहिलं उड्डाण केलं. ते पहिलं विमान आज ओटावाच्या विमान संग्रहालयात आहे. १९६७ पर्यंत सोळाशेहून जास्त बीव्हर तयार झाली आणि त्यांतली नऊशेहून अधिक अमेरिकी सैन्याकडे गेली. आकडे मोठेच आहेत, पण मला या विमानाचं महत्त्व वाटतं ते वेगळ्या कारणाने. त्याचा आराखडा करण्याआधी कंपनीने उत्तरेकडच्या जंगलांत आणि तळ्यांवर उडणाऱ्या वैमानिकांना विचारलं होतं, की तुम्हाला नेमकं काय हवंय. जुने जाणते वैमानिक पंच डिकिन्स यांनी ती उत्तरं गोळा केली. त्या उत्तरांवर आजही आमचे हात रोज पडतात. दोन्ही बाजूंना दारं, म्हणजे धक्का कुठल्याही अंगाला आला तरी माल उतरवता येतो. दार एवढं रुंद की ४५ गॅलनचं पिंप लोळवत आत नेता येतं. इंधनाच्या तिन्ही टाक्या केबिनच्या तळाखाली आणि त्यांची तोंडं डाव्या अंगाला खाली, त्यामुळे शिडी न लावता, फ्लोटवर उभं राहून इंधन भरता येतं. आणि इंजिन ऑइलची टाकी भरायचं तोंड चक्क कॉकपिटमध्ये. उणे तीस अंशांत बाहेर जाऊन इंजिनावरचं झाकण (काउलिंग) उघडायला नको, गरज पडली तर उडतानाही ऑइल ओतता येतं. हे शेवटचं वैशिष्ट्य त्या सकाळी फार कामी आलं.

इंजिनाची गोष्टही सांगायला हवी. बीव्हर आधी जिप्सी क्वीन नावाच्या ब्रिटिश इंजिनासाठी आखलं जात होतं. पण दुसरं महायुद्ध संपलं होतं आणि प्रॅट अँड व्हिटनीची आर-९८५ वास्प ज्युनिअर इंजिनं युद्धातून शिल्लक पडली होती. ४५० अश्वशक्ती, ताकद जास्त. कॅनडात बांधलेल्या ॲन्सन-५ या लष्करी प्रशिक्षण विमानावर याच घराण्यातलं इंजिन होतं. राष्ट्रकुलाच्या ज्या हवाई प्रशिक्षण योजनेखाली कॅनडात एक लाख तीस हजारांहून जास्त वैमानिक आणि हवाई कर्मचारी तयार झाले, तिच्यातलं हे विमान. थोडक्यात, लष्करासाठी घडवलेल्या इंजिनाने नागरी बुशप्लेन, म्हणजे दुर्गम जंगलांत उडणारं विमान, उभं केलं आणि तेच बुशप्लेन पुढे पुन्हा लष्करात गेलं. त्याचा थोरला भाऊ ऑटर आणि नंतरचं कॅरिबू ही दोन्ही आपल्या भारतीय हवाई दलातही होती.

आर-९८५ मध्ये नऊ सिलिंडर एका वर्तुळात बसतात. मागून पाहिलं तर १ नंबर सगळ्यात वर आणि घड्याळाच्या दिशेने मोजत गेलं की ५ आणि ६ सगळ्यात खाली. इंजिन थांबलं की आतलं ऑइल साहजिकच खाली उतरतं आणि पिस्टनच्या रिंगांमधून झिरपत ५ आणि ६ मध्ये साठतं. त्या सिलिंडरचे दोन्ही व्हॉल्व्ह बंद असले, तर त्याला बाहेर पडायला वाट उरत नाही. मग पिस्टन वर, म्हणजे सिलिंडरच्या बंद टोकाकडे, यायला लागला की मध्ये ऑइल. हवा दाबली जाते, ऑइल दाबलं जात नाही. यालाच हायड्रॉलिक लॉक म्हणतात.

किती ऑइल पुरतं, याचा हिशेब सोपा आहे. ९८५ घनइंच भागिले नऊ, म्हणजे एका सिलिंडरला सुमारे १०९ घनइंच, अंदाजे १.८ लिटर. कॉम्प्रेशन रेशो, म्हणजे आतली हवा किती पटीने दाबली जाते ते प्रमाण, ६:१. पिस्टन अगदी वर पोचल्यावर उरणारी जागा या १.८ लिटरच्या पाचवा भाग, म्हणजे साधारण ३६० मिलिलिटर. त्याहून जास्त ऑइल साठलं की पिस्टन वरपर्यंत जाऊच शकत नाही. दोन मोठे कप चहाएवढं ऑइल तीनशे किलोचं इंजिन अडवतं.

त्या दिवशी वैमानिक लवकर आला होता. आदल्या संध्याकाळी विमान धक्क्याच्या एका बाजूकडून दुसरीकडे हलवलं होतं. काल संध्याकाळीच तर इंजिन चाललंय, आता हाताने फिरवायची गरज नाही, असं धरून त्याने स्टार्टर दिला. प्रॉपेलर जेमतेम फिरला, आतून एक बोथट दणका आला आणि पातं थांबलं. त्याने लगेच हात काढला आणि येऊन जसं झालं तसं सांगितलं. हे त्याने केलं नसतं तर पुढचं काहीच कळलं नसतं, म्हणून त्याला मी पूर्ण मान देतो.

पहिलं काम कॉकपिटमध्ये. मॅग्नेटोचा (प्लगना ठिणगी पुरवणाऱ्या यंत्राचा) स्विच बंद, मिक्श्चर कट-ऑफ म्हणजे इंधन बंद, थ्रॉटल बंद, मास्टर बंद. स्विच बंद असला तरी मॅग्नेटो जिवंत आहे असंच समजून वागायचं. अर्थिंगची तार तुटलेली असेल तर स्विचला काही अर्थ राहत नाही. मग ऑइलची पातळी मोजायची डिपस्टिक, तीही कॉकपिटमधल्या त्याच तोंडात. लॉगमध्ये लिहिलेल्या पातळीपेक्षा ऑइल स्पष्ट कमी होतं आणि इंजिनाखाली, फ्लोटवर किंवा पाण्यावर गळतीचा एक थेंबही नव्हता. म्हणजे कमी झालेलं ऑइल इंजिनाच्या आतच होतं. त्यानंतर फ्लोटवर उभं राहून, पात्याच्या मागच्या बाजूने, दोन बोटांच्या जोराने प्रॉपेलर पुढे नेऊन पाहिला. अडला. तिथेच सोडला.

उलटा का फिरवायचा नाही, तेही सांगतो. कॉम्प्रेशनवरून मागे गेलं की पिस्टन इनटेकच्या, म्हणजे हवा-इंधन आत ओढण्याच्या, फेरीत येतो, इनटेक व्हॉल्व्ह उघडतो आणि ऑइल इनटेक पाइपमध्ये ढकललं जातं. प्रॉपेलर मोकळा फिरायला लागतो आणि वाटतं, सुटलं एकदाचं. इंजिन सुरू केलं की तेच ऑइल परत सिलिंडरमध्ये ओढलं जातं, आणि या वेळी इंजिन वेगात असतं.

५ आणि ६ चे पुढचे-मागचे चारही स्पार्क प्लग काढले. धक्क्यावर काम करताना प्रत्येक पान्ह्याला दोरी बांधलेली असते, खाली तीस फूट पाणी. ६ नंबरचा मागचा प्लग शेवटच्या आट्यांवर आला तसं ऑइल आट्यांमधून वाहायला लागलं. खाली ट्रे धरला होता. प्रॉपेलर हळूहळू पुढे फिरवून उरलेलं बाहेर काढलं. ६ मधून अर्ध्या लिटरच्या आसपास ऑइल निघालं, ५ मधून अगदी थोडं. वास घेतला, पेट्रोलचा वास नव्हता. म्हणजे जास्त प्रायमिंग केल्याचा, सुरू करण्याआधी सिलिंडरमध्ये जादा पेट्रोल सोडल्याचा, हा प्रकार नव्हता, निव्वळ ऑइल होतं. खालच्या दोन्ही सिलिंडरचे इनटेक पाइपही उतरवून रिकामे केले.

इथे बरेच जण थांबतात. प्लग साफ करून बसवतात, इंजिन सुरू करतात, थोडा निळा धूर येतो आणि इंजिन छान चालतं. स्टार्टर लागला नसेल आणि लॉक हातानेच सापडला असेल, तर तेवढं पुरेसं आहे, कारण जोर न लावता फिरवणाऱ्या हाताने रॉड (पिस्टनला क्रँकशाफ्टशी जोडणारा दांडा) वाकत नाही. स्टार्टर लागला असेल तर प्रश्न वेगळा. स्टार्टरचा जोर आणि फिरायला लागलेल्या जड पात्याचा रेटा, दोन्ही त्या एका रॉडवर येतात.

आम्ही कॉम्प्रेशन टेस्ट घेतली. ८० पीएसआय दाबाची हवा देऊन ६ नंबरने ७४ दाखवले, उत्तम आकडा. धक्क्यावरच्या सगळ्यांचे चेहरे खुलले. पण ही टेस्ट रिंगा आणि व्हॉल्व्ह हवा धरतात का एवढंच सांगते. रॉड वाकलाय का, हे तिला कळूच शकत नाही. वाकलेल्या रॉडवरही रिंगा हवा धरतात. असं इंजिन त्या दिवशी उडतं, पुढच्या आठवड्यातही उडतं आणि रॉड थकून तुटतो तो पुढे कधीतरी, बहुतेक वेळा टेकऑफला, पूर्ण ताकदीवर. म्हणून मी विमान अडवून ठेवलं. त्या दिवसाच्या फेऱ्या रद्द झाल्या.

वाकलेला रॉड लांबीने कमी होतो, म्हणजे पिस्टन पहिल्याइतका वर येत नाही. हे मोजता येतं. प्लगच्या भोकात घट्ट बसणारी बुश (पोकळ नळी), तिच्यातून सरकणारी सळई, पिस्टनचा माथा लागेपर्यंत आत, आणि पिस्टन सगळ्यात वर असताना सळईवर खूण. त्याआधी बोरोस्कोपने (आत घालायच्या बारीक दुर्बिणीने) पिस्टनचा माथा पाहायचा, कारण कार्बनचा जाड थर असेल तर माप फसवं येतं. आणखी एक खोच आहे. रेडियल इंजिनात एक मास्टर रॉड असतो आणि बाकीचे आठ लिंक रॉड त्याच्यावर टेकलेले असतात. या रचनेमुळे प्रत्येक पिस्टनचा स्ट्रोक, म्हणजे वर-खाली सरकण्याचं अंतर, थोडा वेगळा पडतो. शेजारच्या सिलिंडरशी तुलना करून उपयोग नाही. आमच्या शेडमध्ये स्टँडवर दुसरं आर-९८५ होतं. त्याच्या त्याच ६ नंबरवर, त्याच प्लगच्या भोकातून, तीच बुश आणि तीच सळई लावली. फरक निघाला सुमारे दीड मिलिमीटर. पुन्हा मोजलं, तेवढाच.

विमान पाण्यातून ट्रॉलीवर घेऊन शेडमध्ये आणलं आणि ६ नंबरचा सिलिंडर उतरवला. पिस्टनच्या स्कर्टवर, म्हणजे बाजूच्या भिंतीवर, एकाच बाजूला चकाकणारा पट्टा होता. पिस्टन तिरका चालल्याची ती खूण. रॉडला सरळ पट्टी लावली तर मधून उजेड दिसत होता. लिंक रॉड जागेवर बदलता येत नाही, त्याची पिन मास्टर रॉडमध्ये, क्रँककेसच्या आत असते. शिवाय तोच धक्का मास्टर रॉडच्या बेअरिंगलाही बसलेला असतो. अख्खं इंजिन ओव्हरहॉलला पाठवलं.

एवढं ऑइल एका रात्रीत आलं कुठून? दोन कारणं जोडीने निघाली. संध्याकाळी इंजिन दोन-तीन मिनिटंच चाललं आणि थंडच बंद झालं. थंड ऑइल घट्ट असतं. प्रेशर पंप ते आत पाठवतो, पण इंजिनातलं ऑइल परत ओढणाऱ्या स्कॅव्हेंज पंपाला ते तेवढ्या वेगाने टाकीत परत ओढता येत नाही. भरीला ऑइल स्क्रीनजवळच्या चेक व्हॉल्व्हच्या सीटवर कार्बनचा बारीक कण अडकला होता. इंजिन बंद असताना टाकीतलं ऑइल थोपवून धरणारा हाच व्हॉल्व्ह. तो नीट मिटत नव्हता, म्हणून टाकी रात्रभर इंजिनात उतरत राहिली.

किनाऱ्यावरच्या आमच्या जगात आता वेगळंही घडतंय. रिचमंडजवळ १० डिसेंबर २०१९ रोजी हार्बर एअरने ७५० अश्वशक्तीची विजेची मोटर बसवलेलं बीव्हर उडवलं. त्यात पिस्टन नाहीत, हा आजारही नाही. पण रोजचा माल आणि माणसं वाहणारी बीव्हर अजून बहुतेक वास्प ज्युनिअरवरच चालतात, तेव्हा हे ज्ञान टिकवावंच लागेल.

दुसरं इंजिन बसवण्याआधी ऑइलची टाकी, कूलर आणि सगळ्या नळ्या धुऊन काढल्या. जुन्या इंजिनातले धातूचे कण नव्यात गेले तर बेअरिंग काही तासांत खराब होतं. पहिल्या स्टार्टआधी सगळ्या सिलिंडरचा एकेक प्लग काढून, बाहेरून दाबाने ऑइल भरून गेजवर प्रेशर दिसेपर्यंत प्री-ऑइलिंग केलं.

धक्क्यावरची पद्धतही बदलली. विमान नुसतं हलवायचं असेल तर दोरीने ओढायचं, इंजिन लावायचं नाही. लावलंच तर ऑइल ४० अंशांपर्यंत तापू द्यायचं, बंद करण्याआधी १००० आरपीएमवर थोडा वेळ ठेवून स्कॅव्हेंज पंपाला काम करू द्यायचं. दोन पात्यांच्या प्रॉपेलरला नऊही सिलिंडरचं कॉम्प्रेशन एकदा येऊन जायला दोन पूर्ण फेऱ्या, म्हणजे चार पाती लागतात. आम्ही सहा मोजतो. सहा पाती मोजून होईपर्यंत स्टार्टरच्या स्विचवर लाल पट्टी राहते, आणि ती काढणाऱ्याने लॉगमध्ये डिपस्टिकचा आकडा लिहून सही करायची.