आमची वाटचाल: जुन्या बेस गिटारच्या दुरुस्तीपासून नव्या बॉडीपर्यंत

सुरुवात दुरुस्तीच्या कामाने झाली, आणि लाकडाचं बरंचसं शिक्षण तिथेच झालं. जुन्या बेसचा पिकगार्ड, म्हणजे बॉडीवरची संरक्षक पट्टी, उघडला की पोकळीत सांधे मोजता येतात: बॉडी, म्हणजे गिटारचं धड, दोन तुकड्यांची, कधी तीन. एकसंध फळीचा हट्ट आजच्या गिऱ्हाइकांचा. जुन्या कारखान्यांना त्याचं काही नव्हतं.

फेंडर कंपनीचा प्रिसिजन बेस 1951 मध्ये आला तो पाटासारखा सपाट, ॲश या लाकडाचा. 1954 मध्ये हाताला आणि पोटाला उतार मिळाले. 1956 पासून बहुतेक बॉड्या ऑल्डर या दुसऱ्या लाकडाच्या. ॲशची छिद्रं उघडी असतात, ती भरल्याशिवाय रंग सपाट बसत नाही. ऑल्डरला ही कटकट नाही. लाकडाची रेषा दिसायला हवी अशा ब्लाँड, म्हणजे फिकट पारदर्शक, रंगापुरतं ॲश टिकलं. रिकनबॅकर कंपनीच्या 4001 बेसमध्ये नेकचं, म्हणजे गिटारच्या मानेचं, लाकूड बॉडीतून आरपार जातं आणि दोन्ही बाजूंना पंख चिकटवलेले असतात. दिसतं देखणं, पण नेक पिळला तर बदलायचा कसा? म्हणून आम्ही चार स्क्रूंनी बसवलेला नेकच करतो.

लाकूड आम्ही आधी तोलतो, नाव नंतर विचारतो. 45 मिमी जाडीची ऑल्डरची बॉडी दोन किलोच्या आसपास बसते. त्याच मापात जड ॲश पावणेतीनपर्यंत जातं. पाणथळ जमिनीतल्या ॲशच्या बुंध्याचा खालचा भाग हलका, जुन्या बेसमध्ये नावाजलेला तोच. हल्ली तून हे लाकूडही वापरतो, मिरजेत सतारीला लागतं ते. वजन ऑल्डरच्या जवळपास, पण मऊ. साडेतीन मिमीच्या स्क्रूला ऑल्डरमध्ये अडीच मिमीचं भोक पाडतो, तुनमध्ये सव्वादोनचं. नाहीतर ब्रिज, म्हणजे तारा अडकवायची धातूची पट्टी, महिन्याभरात हलायला लागतो.

खरी डोकेदुखी ओलीची. लाकडातली ओल चार टक्क्यांनी बदलली की 330 मिमी रुंदीच्या बॉडीत तीन मिमीचा फरक पडू शकतो. ओल्या फळीत नेक पॉकेट, म्हणजे नेक बसायचा खाचा, कापलं तर सुकताना ते आक्रसतं, नेकला चिमटा बसतो आणि कोपऱ्यात रंगाला चीर जाते. म्हणून फळ्या मध्ये पट्ट्या घालून रचतो आणि ओल मोजायचं मीटर 8 ते 10 टक्के दाखवेपर्यंत हात लावत नाही. सांधा रंध्याने साफ करून चिकटवला की पूर्ण दिवस क्लॅम्पमध्ये.

बँडसॉवर आकार 2 मिमी सोडून कापतो, उरलेलं राउटरने, म्हणजे लाकूड कोरायच्या यंत्राने. बॉडीच्या वरच्या दोन टोकांना, म्हणजे शिंगांना, लाकडाची आडवी रेषा येते, तिथे घाई केली की ढलपी उडालीच. पॉकेट 16 मिमी खोल, एका फेरीत पाच मिमीपेक्षा जास्त नाही.

दमट हवेत लॅकर पांढुरका पडतो, म्हणून जून ते सप्टेंबर रंगकाम बंद असतं. ॲशची बॉडी हवी असेल तर मार्चपर्यंत सांगावं. छिद्रं भरून घासायच्या दोन-तीन फेऱ्या लागतात.