काझोर्लाचा घोटा

रविवार, २२ जून २०२५

सामना रात्री साडेबाराला सुरू झाला आणि जादा वेळ धरून संपेपर्यंत तीन वाजून गेले. नंतर झोप लागलीच नाही. २४ वर्षांनी रेआल ओव्हिएदो हा फुटबॉल क्लब स्पेनच्या पहिल्या श्रेणीत आला. वर चढण्यासाठीच्या दोन लढतींपैकी पहिली मिरांदेस क्लबकडून ०-१ अशी हरलेले, घरच्या मैदानावरही आधी गोल खाल्लेला. अशा वेळी पेनल्टी मारायला सांती काझोर्ला पुढे आला. वय ४०. चेंडू जाळ्यात गेला आणि माझ्या डोळ्यांत पाणीच आलं. शेवटी ३-१ जिंकले.

माझ्या घोट्याच्या ऑपरेशनला चार महिने झालेत. जिना उतरताना अजून कठडा धरते. म्हणून असेल, पण हल्ली काझोर्लाच्या दुखावलेल्या पायाचे फोटो मी पुन्हा पुन्हा बघते. ऑक्टोबर २०१६ मध्ये इंग्लंडच्या आर्सेनल क्लबकडून खेळताना तो दुखावला. ऑपरेशनमागून ऑपरेशन, टाके उसवायचे, जखम भरायचीच नाही. आत जंतुसंसर्ग झाला होता आणि त्याने टाचेवरची शीर कित्येक सेंटिमीटर खाऊन टाकली. मुलाबरोबर बागेत फिरता आलं तरी समाधान मान, असं डॉक्टरांनी सांगितलं होतं. पुढे स्पेनमध्ये, व्हितोरियाला, पाय नव्याने बांधावा लागला. घोट्यावर लावायला डाव्या हाताची कातडी काढली. त्या हातावर मुलीचं नाव गोंदवलेलं होतं. आता अर्धं नाव हातावर आणि अर्धं घोट्यावर.

त्यातून तो जवळजवळ दोन वर्षांनी, २०१८ मध्ये, स्पेनच्या व्हियारेआल क्लबच्या संघात परतला. जानेवारी २०१९ मध्ये रेआल माद्रिदविरुद्ध २-२ बरोबरी झाली, दोन्ही गोल त्याचे. त्यातला एक चक्क हेडरने, उंची जेमतेम साडेपाच फूट असताना! त्याच जूनमध्ये तो पुन्हा स्पेनकडून खेळला. युरो ही युरोपातल्या देशांची स्पर्धा २००८ आणि २०१२ मध्ये जिंकणाऱ्या स्पेनच्या संघांत तो होता, पण मला ही २०१९ ची जर्सी जास्त मोलाची वाटते.

ओव्हिएदोचं मात्र वेगळं. लहानपणी तो तिथेच शिकला, पण २००३ मध्ये क्लब पैशांच्या अडचणीत थेट चौथ्या श्रेणीत फेकला गेला आणि १८ वर्षांच्या सांतीला व्हियारेआल गाठावं लागलं. मुख्य संघाची जर्सी अंगावर चढलीच नव्हती. २०१२ मध्ये क्लब बुडायला आला तेव्हा त्याने आणि हुआन माता, मिचू या फुटबॉलपटूंनी पदरचे पैसे घालून शेअर घेतले. जगभरातल्या चाहत्यांनीही घेतले. मग २०२३ मध्ये, कतारच्या अल सद्द क्लबनंतर, तो घरी आला. त्याला फुकट खेळायचं होतं; नियमात बसत नाही म्हणून किमान पगार घेतला, आणि आपल्या नावाच्या जर्सींच्या विक्रीतले दहा टक्के क्लबच्या मुलांसाठी ठेवायला लावले. गेल्या वर्षी याच टप्प्यावर एस्पान्योल क्लबने ओव्हिएदोला हरवलं होतं. तेव्हाच थांबला असता तरी कुणी नाव ठेवलं नसतं.

काल जल्लोषात त्याचा चेहरा दिसला, रडून सुजलेला. त्या क्षणी मला ना गोल आठवले ना करंडक. आठवला तो घोट्यावरच्या अर्ध्या नावाचा फोटो.

आता पहिल्या श्रेणीत माद्रिद, बार्सिलोना ओव्हिएदोच्या मैदानावर येतील. तेव्हा तो आत असू दे, पाच मिनिटं का होईना. मी जागी राहीन.