बॉल परत तिथंच येते, मंग फिरवता काहून?

वरूड तालुक्यात माझं मोटर रिवायंडिंगचं दुकान आहे. काउंटरच्या एका टोकाला लेगोच्या विटांचं एक यंत्र चालू असतं. छोटे बॉल पेटीतून जिन्यानं वर चढतात, वरून घसरगुंडीनं खाली येतात आणि पुन्हा त्याच पेटीत पडतात. मोटर न्यायला आलेला माणूस बाकावर बसतो, थोडा वेळ बघतो आणि विचारतो, "भाऊ, बॉल वर जाते न् परत तिथंच येते. मंग फिरवता काहून?" संत्र्याच्या बागेचे मालक विचारतात, त्यांचे सालदार विचारतात, तांब्याची तार विकायला येणारे नागपूरचे सेल्समनही विचारतात. तोंडी सांगायला लागलो की मधेच कुणाचा तरी फोन येतो आणि उत्तर अर्धं राहतं. आता तुम्हीही विचारलंत म्हणून एकदाचं लिहूनच काढतो.

हा खेळ माझ्या डोक्यातून निघालेला नाही. जगभर लेगोची हौस असलेली मोठी माणसं तो खेळतात. त्याला ग्रेट बॉल कॉन्ट्रॅप्शन म्हणतात, थोडक्यात जीबीसी. प्रत्येकानं आपापलं यंत्र घरी बनवायचं, प्रदर्शनाला आणायचं आणि एका ओळीत मांडायचं. माझ्या यंत्रानं सोडलेला बॉल तुमच्या यंत्राच्या पेटीत पडायचा, तुमचा पुढच्याच्या. एकमेकांना कधी न भेटलेल्या माणसांची यंत्रं जुळावीत म्हणून मोजके नियम आहेत. पेटी बाहेरून दहा बाय दहा बटणांची, म्हणजे 80 मिलिमीटर चौकोनी, कारण विटेवरच्या दोन बटणांमधलं अंतर 8 मिलिमीटर असतं. पेटीचा काठ दहा विटांपेक्षा उंच नको. एक वीट 9.6 मिलिमीटरची, म्हणजे 96 मिलिमीटर. बॉल 14 मिलिमीटरचा. वेग सरासरी सेकंदाला एक बॉल, आणि एका दमात तीसपेक्षा जास्त बॉल पुढच्याच्या अंगावर ओतायचे नाहीत. आत काय करायचं ते ज्याचं त्यानं ठरवावं.

मला हे नियम फार आवडतात. शेजाऱ्याच्या पेटीत काय आणि किती पडेल एवढंच ते सांगतात, बाकी कुणाच्या घरात डोकावत नाहीत. आमच्याकडे धुऱ्यावरून पाणी सोडताना एवढा नियम पाळला तर तहसीलच्या निम्म्या फेऱ्या वाचतील.

माझ्याकडे विटा आल्या त्या पुण्याच्या मोठ्या भावाकडून. पोरं मोठी झाली, विटांचं पोतं माळ्यावर पडलं होतं, ते वहिनींनी एका लग्नाला येताना गाडीत टाकून आणलं. त्यात गिअर होते, दांड्या होत्या, सहा पेन्सिल सेलचा डबा होता आणि एक मोटर होती. मोटर दिसल्यावर मला राहवेना.

ही मोटर नऊ व्होल्टवर रिकामी मिनिटाला सुमारे चारशे फेरे घेते. लोड आला की तीनशेच्या आसपास येते. आठ दातांचा गिअर मोटरला आणि चाळीस दातांचा पुढे लावला, की वेग पाचपट कमी होतो आणि जोर वाढतो. तीनशे भागिले पाच म्हणजे साठ. मिनिटाला साठ फेरे, फेऱ्याला एक बॉल, झाला सेकंदाला एक. पण मी जिना दोन बॉल रुंद केला, म्हणजे तीस फेऱ्यांत तेवढंच काम होतं. हळू चालणारं यंत्र बॉल उडवत नाही.

जिना कसा चालतो हे सगळ्यांना बघायचं असतं, म्हणून जरा सविस्तर. पायऱ्या म्हणजे शेजारी शेजारी उभे खांब. प्रत्येक खांब खाली फिरणाऱ्या क्रँकवर, म्हणजे दांडीच्या मध्यापासून बाजूला बसवलेल्या खुंटीवर, वर-खाली होतो. मध्यापासून खुंटीचं अंतर एका बटणाचं, 8 मिलिमीटर, म्हणून खांबाची पूर्ण चाल 16 मिलिमीटर. शेजारचे दोन खांब अर्ध्या फेऱ्याच्या फरकानं चालतात: एक वर असला की दुसरा खाली. पुढचा खांब मागच्यापेक्षा एका विटेनं उंच बांधलेला असतो. मागचा पूर्ण वर आला आणि पुढचा पूर्ण खाली गेला, की मागचाच साडेसहा मिलिमीटरच्या आसपास उंच ठरतो. माथ्याला पुढच्या बाजूला थोडा उतार असतो, त्यामुळे बॉल आपोआप पुढच्या पायरीवर घरंगळतो. मग पुढचा वर जातो, मागचा खाली येतो, आणि बॉलच्या मागची पायरी खूप खोल गेलेली असते. उतारही उलटा पडतो, म्हणून तो मागे येत नाही. बॉलला कुणी ढकलत नाही, उचलून फेकत नाही. दर वेळी त्याला थोडं खालीच सोडलेलं असतं, तरी तो वर चढतो. हे पहिल्यांदा लक्षात येतं तेव्हा माणूस बाकावरून उठून काउंटरला चिकटतो. साखळीवर डबे लावून बॉल वर नेणं यापेक्षा सोपं आहे, पण ते बघायला कुणी उठत नाही.

जिना मात्र अवघड भाग नाही. अवघड आहे ती पेटी.

पेटीतून बॉल एका तोंडातून जिन्यावर यायचे असतात. तोंड दोन बटणांचं ठेवलं तर 16 मिलिमीटर. एक बॉल सुटतो, दोन मिलिमीटर मोकळे राहतात. चार बटणांचं ठेवलं तर 32. दोन बॉल बरोबरीनं जातात. तीन बटणांचं ठेवू नका. 24 मिलिमीटरच्या तोंडात एक सैल पडतो आणि दोन मावत नाहीत, म्हणून दोघं एकमेकांना रेटत बसतात, मागचे त्यांना दाबतात आणि सगळं घट्ट होतं. पण दोन आणि चार बटणांच्या तोंडाशीही कधी कधी बॉल एकमेकांना टेकून कमान धरतात. कोठीतून धान्य सोडताना हेच होतं. तोंड दाण्याच्या सुमारे पाच पटीपेक्षा लहान असलं की आज ना उद्या कमान बसणार, मग तो दाणा तुरीचा असो की प्लास्टिकचा.

मी उतार वाढवून बघत होतो. उतार वाढवला की मागचा दाब वाढतो आणि कमान जास्त घट्ट बसते. तेव्हा सबमर्सिबल घेऊन आलेले एक काका खूप वेळ बघत होते. म्हणाले, "बाप्पा, आमच्या पेरणी यंत्रात खताच्या पेटीत दांडा फिरते ना, तसा फिरव ना एखादा." पावसाळी हवेत खत ओलसर होऊन पेटीत धरून बसतं, म्हणून ट्रॅक्टरच्या पेरणी यंत्रात तो ढवळणारा दांडा असतोच. मी जिन्याच्याच दांडीवरून एक छोटी काडी काढली. ती तोंडाजवळ खालून वर-खाली होते आणि कमान बसायच्या आत मोडते. काकांच्या बिलातून तेवढ्यासाठी काही कमी केलं नाही, हे ते अजून बोलून दाखवतात.

आता मूळ प्रश्न.

समजा हजार बॉलमध्ये एक अडकतो. ऐकायला बरं वाटतं, नव्याण्णव पूर्णांक नऊ टक्के पास. पण सेकंदाला एक म्हणजे तासाला 3,600 बॉल. हजाराला एक अडकला तर दर सतरा मिनिटांनी यंत्र बंद. आणि प्रदर्शनात अशी तीस यंत्रं ओळीत असली तर दर अर्ध्या मिनिटाला कुठं तरी, कुणाचं तरी अडकणार आणि सगळी ओळ थांबणार. म्हणजे हजारात एक हे मुळीच चालणारं नाही. लाखात एक म्हटलं तरी तीस यंत्रांची ओळ तासभरही नीट चालत नाही. हा आकडा कागदावर कळत नाही, चालवूनच कळतो. त्यासाठी एक तर लाखभर बॉल आणा आणि ओतत बसायला माणूस ठेवा. नाहीतर तीस बॉल घ्या आणि शेवट सुरुवातीला जोडा. म्हणून बॉल परत तिथंच येतो.

मोनोब्लॉक पंपाची मोटर भरून झाली, व्हार्निश सुकलं, बेअरिंग बसलं, की मी ती टेबलावर रिकामी चालवतो, टाँग टेस्टर लावून तिन्ही फेजचे अँपिअर बघतो, हात लावून गरम होते का बघतो. तेव्हा पाणी कुठं हाय, असं आजवर कुणी विचारलेलं नाही.

माझ्या धंद्यात जळलेली मोटर ही रोजी आहे, त्यामुळे यंत्र अडकल्यावर काय होतं याकडे माझं लक्ष जरा जास्तच. मोटर फिरते तेव्हा ती स्वतः विजेचा उलटा दाब तयार करून करंट आवरते. जाम झाली की तो दाब जातो. तीन फेजची पाच एचपीची मोटर साडेसात-आठ अँपिअर घेते. जाम होऊन न फिरता नुसती घुमायला लागली की पाच-सहा पट घेते. रात्रीच्या लाइनला एक फेज जातो, शेतकरी घरी झोपलेला असतो, मोटर विहिरीवर घुमत राहते आणि सकाळी माझ्या दुकानात येते. लेगोमध्ये यावर एक देखणा उपाय आहे: चोवीस दातांचा एक पांढरा गिअर, ज्याचं मधलं तुंबं ठरावीक जोरापलीकडे आत घसरतं. बॉल अडकला की गिअर कटकट वाजतो, मोटर फिरत राहते, काहीही जळत नाही. कृषिपंपाला असा सोपा, आवाज करून उठवणारा तुकडा असता तर माझं दुकान निम्म्यावर आलं असतं, तरी मला तो आवडला असता.

काही जण म्हणतात, शाळेत न्या, पोरं शिकतील. नेलं होतं. पोरांनी पहिल्या पाच मिनिटांत पेटीत कंचे टाकले, मग चिंचोके, मग बोरं. कंचा जड आणि बॉलपेक्षा थोडा मोठा, दोन बटणांच्या तोंडात असा बसला की विटा सोडवून काढावा लागला. बोरं त्यातल्या त्यात बरी चालली. पोरं काय शिकली माहीत नाही, पण शिकवण्यासाठी म्हणून मी हे करत नाही. मला ते चालताना बघायला आवडतं, हेही उत्तरच आहे आणि ते सांगायला मला लाज वाटत नाही.

खर्चाचं विचाराल तर जुन्या विटा मिळाल्या तरच हात घाला. परदेशी खेळण्यांवरची आयात जकात 2020 साली 20 टक्क्यांवरून 60 केली, 2023 साली 70. नव्या डब्याची किंमत बघून संत्र्याचा भाव आठवतो. विटेचं पेटंट 1958 सालचं, त्याची मुदत कधीच संपली, त्यामुळे तशाच मापाच्या स्वस्त विटा बाजारात आहेत. पेटीला, भिंतींना त्या चालतात. गिअर आणि दांड्या मात्र अस्सल घ्या. ढिली दांडी क्रँकमध्ये खेळते आणि जिन्याची अर्ध्या फेऱ्याची शिस्त बिघडते.

सेलचंही एक आहे. चार्जिंगचे सेल 1.2 व्होल्टचे, सहा मिळून 7.2. नऊऐवजी सव्वासात व्होल्टवर मोटर वीस टक्के हळू फिरते. मोटर पुरेपूर वेगात धरून सेकंदाला बरोबर एक बॉल बसवलेला असला, तर यंत्र एकटं असताना ते कळतही नाही. दिवाळीत पुतण्या आपलं यंत्र घेऊन येतो आणि माझ्या मागे जोडतो, तेव्हा दर मिनिटाला बारा बॉल शिल्लक राहायला लागतात आणि पेटी ओसंडून काउंटरखाली बॉल पसरतात. म्हणून दुकानात मी नऊ व्होल्टचा सप्लाय लावला आहे, आणि फेरे थोडे जास्तच ठेवले आहेत.

करायचं असेल तर पेटीपासून सुरुवात करा, जिना नंतर. तोंड दोन बटणांचं, तळाला एका पातळ पट्टीचा, म्हणजे 3.2 मिलिमीटरचा उतार, आणि ढवळणारी काडी पहिल्यापासून. व्हार्निशचं थिनर जवळ ठेवू नका. लेगोचं प्लास्टिक त्यात विरघळतं, वीट चिकट होते आणि पुन्हा बसत नाही. उन्हाळ्यात धूळ गिअरमध्ये जाते, कोरड्या ब्रशनं झाडा, ग्रीस लावू नका, धूळ त्यालाच चिकटते. आणि शेवट सुरुवातीला जोडून तासभर सोडून द्या. पांढरा गिअर एकदाही वाजला नाही, तर दुसरं यंत्र बांधायला घ्या.